सोवळ्याचा आडोसा

दिवाळी अंकासाठी कापसाच्या धंद्यातल्या चार गमती लिहा, असं संपादकांचं पत्र आलं आणि मला घाम फुटला. यात नवल काही नाही. मला पोस्टमन दिसला तरी घाम फुटतो. एस.टी.त बसल्यावर गाडी सुटायच्या आत मी दोनदा खाली उतरून पाटी वाचतो, कंडक्टरच्या शिव्या खातो आणि परत चढतो. अशा माणसाने पंधरा वर्षं दोंडाईच्याच्या एका जिनमध्ये, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, शेतकऱ्यांच्या गाड्यांपुढे उभं राहून ‘हा कापूस उत्तम, हा हलका’ असा निवाडा केला, ही पहिली गंमत. दुसरी सांगायला जड जाते, म्हणून आधीच उरकतो. मला माणसाचा हात सहन होत नाही.

सहन होत नाही म्हणजे आवडत नाही, एवढंच नव्हे. कोणी खांद्यावर हात ठेवला, हातात हात घेतला, की तेवढ्या जागेची कातडी सोलल्यासारखी होते. पुढे अर्धा तास ती जागा पेटलेली राहते. पाण्याने धुतली, चोळली, की जरा निवते. गोणपाटाचा खरखरीतपणा, टेरिलीनच्या सदऱ्याची कॉलर, लग्नातली गर्दी यांचंही तसंच. आमचे वडील फैजपूरला शिंपीकाम करायचे. माझे सदरे ते धुऊन धुऊन विरलेल्या धोतरातून शिवायचे आणि शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवायचे. ‘पोराला टोचतं,’ एवढंच म्हणायचे. शाळेत पोरं हसायची, की शिंप्याच्याच पोराचा सदरा उलटा.

हल्ली याला नाव आहे म्हणे. माझी पुतणी जळगावला डॉक्टर आहे. तिने मागे एकदा सांगितलं, काका, तुमच्यासारखी पुष्कळ माणसं असतात, त्यांच्या मेंदूची ठेवणच निराळी असते, एकदा दाखवून घ्या. मी म्हटलं, बाई, या वयात आता काय दाखवायचं? पण त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले, हे खरं.

आमच्या काळी अशा माणसाला एकच नाव होतं, वेडा. माझा मामा तसा होता. केळीच्या बागेत एकटा राबायचा, काम नंबरी करायचा, पण कोणी जवळ आलं की ओरडायचा. त्याच्याच लग्नात हळद लावायला चौघांनी त्याला दाबून धरलं, तेव्हा त्याने एकाला कडकडून चावा घेतला. लग्न मोडलं. मग त्याला एका देवस्थानात नेऊन ठेवलं. तिथे वेड उतरवण्यासाठी माणसांना साखळीने बांधत. सहा महिन्यांनी तो परत आला तेव्हा कोणी हात लावला तरी ओरडत नव्हता. बोलतही नव्हता. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आई माझ्याकडे बघून म्हणायची, ‘मामावर जाऊ नको रे बाबा.’ न जाण्यासाठी काय करायचं ते तिने कधी सांगितलं नाही. मी माझ्यापुरतं ठरवलं, की कोणाला कळू द्यायचं नाही.

आता धंद्याविषयी. शेतकऱ्याच्या गाडीतून कापूस येतो तो सरकीसकट. जिनच्या यंत्रात सरकी वेगळी होते आणि रुई वेगळी. रुई दाबून तिच्या गठाणी बांधतात. पण त्याआधी गाडीतला कापूस कसा आहे हे कोणीतरी सांगावं लागतं. तो माणूस म्हणजे पारखी. गाडीच्या वरचा कापूस नेहमीच साजरा असतो, म्हणून हमाल कोपरापर्यंत हात खुपसून आतला मूठभर कापूस काढतो आणि पारख्याच्या हातात देतो. हा नमुना. पारखी त्यातली चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या बोटांत धरून हलके हलके ओढतो, धागे एका रेषेत आणतो, काळ्या कापडावर ठेवून लांबी बघतो. मग उरलेला कापूस मुठीत दाबतो, गालाला लावतो आणि ओलावा ठरवतो. ओलावा महत्त्वाचा. ओली गाडी कोरड्या ढिगात गेली तर ढीग आतून तापतो, पिवळा पडतो, एखाद्या वेळी पेटतो.

माझी कातडी इथे कामाला आली. बोटाला जे लागायचं ते मला नको तितकं लागायचं, त्यामुळे दोन पिकांतला फरक डोळे मिटून सांगता यायचा. म्हणून हे देवाचं देणं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. देवाचं देणं असतं तर दिवसातून दहा वेळा हौदावर जाऊन हात धुवावे लागले नसते.

या हात धुण्यातूनच पुढचं सगळं घडलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी गुमास्त्याने पाठीवर हात ठेवून ‘या वसंतभाऊ’ म्हटलं आणि मी विंचू चावल्यासारखा बाजूला झालो. गुमास्ता चपापला. आता हा विचारणार, काय झालं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होणार की शेठजींनी वेडा आणला. तेवढ्यात गुमास्ताच म्हणाला, ‘भाऊ सोवळ्यातले दिसतात.’

नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही.

शिंप्याचं पोर आणि सोवळं, म्हणून आठ दिवस चेष्टा झाली. नंतर सगळ्यांना सवय झाली आणि मला तर सुटल्यासारखं झालं. कोणी हात लावेना. माझी चहाची पितळी वेगळी, बसायचा पाट वेगळा, हात धुवायला उठलो तर ‘का’ म्हणून कोणी विचारेना. आमचे शेठजी जैन, त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले. त्यांना नेमधर्म पाळणारा माणूस म्हणून माझं कौतुकच वाटायचं. वेडेपणावर पांघरायला इतकं चांगलं पांघरूण मला शोधून सापडलं नसतं. ते दुसऱ्या कोणाच्या अंगावरून ओढून घेतलंय, हे मला दिसत होतं. पण मी तिकडे बघत नव्हतो.

हमालांचे मुकादम होते दगडूभाऊ. पन्नाशीचे, अंगाने काटक, गाडी नुसती पाहून आत किती कापूस आहे ते सांगणारे. ते आणि त्यांची निम्मी टोळी बौद्ध झालेली. त्यांच्या वाडवडिलांनी गावच्या विहिरीपासून लांब उभं राहून पाणी मागितलेलं, आणि ते सगळं आपण मागे टाकलं असं ही माणसं छाती काढून सांगायची. मी ‘सोवळ्यातला’ आहे हे कळल्यावर त्यांनी नमुना माझ्या हातात द्यायचं बंद केलं. जमिनीवर एका टोपलीत टाकायचे आणि वळून जायचे. आपसांत ही सगळी माणसं अहिराणी बोलायची. दगडूभाऊ माझ्याशी मात्र अगदी पुस्तकी मराठी बोलायचे, ‘साहेब, नमुना ठेवलेला आहे.’ ते अंतर ठेवून बोलत होते, आणि मला ते अंतर सोयीचं होतं.

एकच हात मला चुकवता आला नाही, तो शेठजींचा. आमच्याकडे सौद्याची जुनी रीत होती. विकणाऱ्याच्या समोर मोठ्याने काही बोलायचं नाही. शेठजी उपरण्याचं टोक हातावर टाकायचे आणि पारख्याचा हात त्याच्याखाली घ्यायचे. मी बोटं दाबून प्रत सांगायची, किती बोटं, कोणतं पेर, त्यावरून त्यांना कळायचं. खुली बोली कधीच सुरू झाली होती, पण शेठजींना तोंडाने बोललेल्यावर भरवसा नव्हता. प्रत्येक गाडीला हे व्हायचं. हंगामात दिवसाला वीस, कधी तीस गाड्या. शेठजींचा हात मऊ आणि गरम, आणि विचार करताना ते तो सोडायचे नाहीत. मी दातावर दात धरून उभा राहायचो, मनात पाढे म्हणायचो.

हमाल हे बघत होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. शेठना हात चालस, आमना नही.

एका सकाळी शिंदखेड्याकडच्या एक अक्का गाडी घेऊन आल्या. नवरा वारलेला, शेती स्वतः बघायच्या, गाडीही स्वतः हाकत आणलेली. त्या दिवशी शेठजींनी आधीच्या गाडीला माझा हात फार वेळ धरून ठेवला होता. तो सुटल्या सुटल्या मी अक्कांचा नमुना मुठीत घेतला आणि म्हणालो, ‘ओला आहे. परत न्या, वाळवून आणा.’

अक्का गाडीवरून खाली उतरल्या. ‘वल्ला? मना कापूस वल्ला? आठ दिन ऊनमा पडेल शे. बठ्ठा गावले इचारी ये.’

‘हाताला लागतोय ना अक्का.’

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग तोंडाकडे पाहिलं. हळू आवाजात म्हणाल्या, ‘तुना हात वल्ला शे, मना कापूस नही.’

मी हात उघडला. तळव्यावर घामाचे थेंब होते. पाच-सहा वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं! अशा किती कोरड्या गाड्या मी परत पाठवल्या असतील, हे तेव्हाही मोजायचं धाडस झालं नाही, आजही होत नाही. अक्कांनी आरडाओरडा केला असता तर माझी नोकरी गेली असती. त्या म्हणाल्या, ‘बस आठे. हात पुस. पानी पी. मंग दख.’ मी बसलो, हात पुसले, दहा मिनिटांनी पुन्हा कापूस पाहिला. खडखडीत कोरडा आणि वरच्या प्रतीचा होता. जाताना अक्कांनी विचारलं, ‘तुले हात लायेल सोसत नही का रे?’

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. हो म्हणायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, ‘सोवळं आहे अक्का.’

‘सोवळं देवना घर,’ त्या म्हणाल्या. ‘आठे कापूस शे.’ आणि बैलांना हाकून निघून गेल्या.

त्यानंतर महिन्याभरात ढीग कोसळला. जिनच्या अंगणात कापसाचे ढीग दोन पुरुष उंच लागतात. बाहेरून मऊ दिसतात, पण त्यांचा नेम नसतो. एका ढिगाला आतून वास येतोय अशी शंका आली म्हणून मी बुडाशी वाकून हात खुपसला आणि वरचा सगळा कापूस माझ्यावर आला.

आता जे सांगतो ते कोणाला सांगितलेलं नाही. त्या ढिगाखाली पहिले काही क्षण मला फार बरं वाटलं. चहूबाजूंनी सारखा दाब, आवाज नाही, कोणाचा हात नाही. इतकी शांतता मला जन्मात मिळाली नव्हती. मग श्वास घ्यायला गेलो आणि नाकातोंडात कापूस गेला. पुढचं आठवत नाही ते बरंच आहे. आठवतं ते एवढं, की एका हाताने माझं मनगट पकडलं आणि खसकन बाहेर ओढलं. दगडूभाऊंचा हात. ते उजेडात मला ओढून काढत होते, ‘साहेब, श्वास घ्या, श्वास घ्या’ म्हणत होते, आणि मी पहिला श्वास आला तसा किंचाळलो, ‘सोड! हात सोड माझा!’

त्यांनी सोडला. मी धडपडत हौदाकडे पळालो आणि मातीने, पाण्याने कोपरापर्यंत हात घासू लागलो. घासत होतो आणि थांबता येत नव्हतं. वर पाहिलं तर अंगणात चाळीस हमाल उभे. ज्या माणसाने जीव वाचवला त्याचा स्पर्श हा मनुष्य धुऊन टाकतोय, हे सगळे बघत होते. दगडूभाऊ आपल्या हाताकडे बघत होते. मला तो चेहरा अजून दिसतो.

दुसऱ्या दिवशी एकही हमाल कामाला आला नाही. सगळे फाटकाबाहेर निंबाखाली बसून राहिले. हा पारखी असेल तिथे आम्ही काम करणार नाही, असा निरोप आला. ऐन हंगाम, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. शेठजी माणूस वाईट नव्हते, पण हंगाम चुकला की त्यांना दुसरं काही दिसायचं नाही. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, ‘वसंता, धरम की बात है. तू घाबरू नको. कोणी विचारलं तर एवढंच म्हण, मी सर्वांपासूनच सोवळं पाळतो. बाकी मी बघतो. परवा दुपारच्या गाडीने बाहेरची टोळी येते.’

म्हणजे हिशेब सरळ होता. मी गप्प राहिलो की माझी नोकरी राहत होती, माझं गुपित राहत होतं, आणि दगडूभाऊंच्या चाळीस घरांचा हंगाम जात होता. खरं बोललो, तर मी वेडा. वेड्याच्या हातात कापसाची पारख कोण देणार? आणि मग घरी पत्र जाणार, भाऊ न्यायला येणार, आणि पुढे कुठे नेणार ते मला ठाऊक होतं.

मी दोन दिवस गप्प राहिलो. हे स्पष्ट लिहितो, कारण सेवानिवृत्तांच्या लेखांत माणसं फार लवकर शूर होतात. दोन दिवस मी जिनच्या आवारातल्या माझ्या खोलीच्या दाराला कडी लावून फाटकाच्या आवाजावर कान ठेवून बसलो. त्या दोन दिवसांत टोळीतले दोघे भाऊ सुरतेच्या गाडीत बसून निघून गेले, ते दोंडाईच्याला पुन्हा कधी आले नाहीत. त्यांची नावं मला माहीत आहेत. इथे लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी निंबाखाली गेलो. धैर्य आलं म्हणून गेलो नाही. दुपारची गाडी जवळ येत होती आणि बसून राहणं जाण्याइतकंच अवघड झालं होतं, म्हणून गेलो. मला पाहून कोणी उठलं नाही. मी आधी कापसाविषयीच काहीतरी बोलू लागलो, ढिगाला वास का येतो वगैरे. मग ते मध्येच सोडलं आणि म्हणालो, ‘मला माणसाचा हात सहन होत नाही. कोणाचाच. लहानपणापासून. सोवळं वगैरे काही नाही. खोटं होतं ते.’

दगडूभाऊ शांतपणे म्हणाले, ‘शेठजींचा चालतो.’

‘नाही चालत.’

‘सहा वर्षं बघतो आहोत आम्ही, साहेब.’

हे आता दाखवूनच पटवायला हवं होतं. मी परत आत गेलो, शेठजींना म्हटलं, उपरणं घेऊन बाहेर चला. मी काय करतोय ते त्यांना कळेना, पण माझा चेहरा बघून ते आले. समोरच्या गाडीतून मी मूठभर कापूस काढला आणि टोपलीत ठेवून दगडूभाऊंना म्हटलं, ‘बघा, कसा आहे.’ त्यांनी दाबून पाहिला. ‘कोरडा.’ मग मी शेठजींपुढे हात केला. ‘घ्या शेठजी. नेहमीसारखा. सोडू नका.’

शेठजींनी उपरणं टाकलं आणि हात धरला. सगळी टोळी बघत होती. मी सतराचा पाढा म्हटला, मग एकोणीसचा. चेहऱ्यावर जे येईल ते लपवायचं नाही असं मी पहिल्यांदाच ठरवलं होतं. एकोणतीसच्या पाढ्याला मी थांबा म्हटलं. हात बाहेर काढला, तोच कापूस त्या मुठीत घेऊन दाबला आणि टोपलीत टाकला.

दगडूभाऊंनी तो उचलला. वीस वर्षं कापूस उचलणाऱ्या माणसाला ओलावा सांगावा लागत नाही. त्यांनी तो चिमटीत फिरवला, शेजारच्या म्हाताऱ्या हमालाला दिला. तो हातोहात फिरला. शेठजी आपल्याच हाताकडे बघत म्हणाले, ‘अरे वसंता, मग मला बोलला का नाहीस?’ त्यांना खरोखर लागलं होतं.

पण खरा प्रश्न दगडूभाऊंनी विचारला. ‘आधी का नाही सांगितलं?’

‘वेडा म्हणाल म्हणून.’

दगडूभाऊंनी हाताला चिकटलेला कापूस झटकला. मग म्हणाले, ‘तुम्हाला कोणी वेडं म्हणू नये, म्हणून आम्हाला हलकं ठरवलंत.’

मी मान खाली घालून उभा राहिलो. माफी मागितली, पण तिला फार उशीर झाला होता, हे मागतानाच कळत होतं.

म्हातारा हमाल मध्ये पडला. ‘मंग सांगाले काय व्हयनं होतं, साहेब? आम्हले वाटनं, तुमले आमना इटाळ व्हस.’ दोघे-चौघे हसले, आणि त्या हसण्याने वातावरण जरा सैल झालं. दगडूभाऊ मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, ‘काम आम्ही सुरू करतो. पण एक अट आहे. आज तुम्ही आम्हाला सांगितलं. पुढल्या हंगामाला नवी माणसं येतील, ती पुन्हा तेच समजतील. दर हंगामाच्या पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः उभं राहून हे सगळ्यांना सांगायचं. मी सांगणार नाही. माझ्या तोंडून ते निघणार नाही.’

मी हो म्हटलं. बाहेरची टोळी आली तिला शेठजींनी स्टेशनवरूनच दुसऱ्या जिनकडे पाठवलं. उपरण्याखालची रीत माझ्यापुरती बंद झाली. मी पाटीवर खडूने प्रत लिहायचो, शेठजी ती वाचून पुसायचे. पाटीवर त्यांचा आधी भरवसा बसेना, पण माझ्यावर रागही धरला नाही. मला वेडा कोणी म्हटलं का? म्हटलं. गुमास्ता म्हणायचा, बाजारात दोघे-तिघे म्हणायचे. आकाश कोसळलं नाही. कोसळेल म्हणून मी अर्धं आयुष्य डोक्यावर हात धरून बसलो होतो, याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढला दसरा आला. कापसाच्या पहिल्या गाडीची पूजा झाली, गूळ-खोबरं वाटलं, आणि मी नव्या-जुन्या हमालांपुढे उभा राहिलो. तळवे ओले, आवाज चिरका. सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. दसरा जवळ आला की पंधरा दिवस आधीपासून मी काय बोलायचं ते घोकायचो. नोकरी सोडून द्यावी असं दरवर्षी वाटायचं. पण सांगावं लागायचंच, आणि सांगायचं म्हणजे निदान खरं काय आहे ते बघावं लागायचं. काय सोसतं, काय सोसत नाही, कुठे उभं राहिलं म्हणजे त्रास होत नाही, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. हमाल विचारायचे. ‘साहेब, कापड मध्ये धरलं तर चालेल?’ ‘मागून हाक मारली तर दचकता का?’ मी विचार करून उत्तरं द्यायचो. चौथ्या की पाचव्या वर्षी माझ्या ध्यानात आलं, की मी हे सगळं गूळ चघळत, बसल्या जागेवरून सांगितलं. भीती गेली नव्हती. भीतीचं आणि माझं बरं जमायला लागलं होतं, इतकंच.

दगडूभाऊ या सगळ्या वर्षांत दर दसऱ्याला मागे, कोपऱ्यात उभे असायचे. मी सांगायचो, ते ऐकायचे, संपलं की वळून कामाला लागायचे. माझ्याशी त्यांची भाषा पुस्तकीच राहिली. ‘साहेब, नमुना ठेवलेला आहे.’ त्यांनी मला माफ केलं आहे असं मी कधी धरून चाललो नाही आणि तसं विचारायची माझी छाती नव्हती.

मग कापसाची खरेदी सरकारकडे गेली. अंगण तेच, ढीग तेच, पारखी म्हणून मीही तोच. अशाच एका हंगामाच्या पहिल्या दिवशी पूजा झाली, नवी माणसं बरीच होती, आणि मी बोलायला उठलो. त्या वर्षी मी तापातून नुकता उठलो होतो. तोंड उघडतो तोच मागून आवाज आला.

‘बसा तुम्ही. आवंदा मी सांगस.’

दगडूभाऊ पुढे आले. म्हातारे झाले होते, जरा वाकले होते. माझ्यापासून दोन हातांवर थांबले, माणसांकडे वळले आणि म्हणाले, ‘ह्या आमना पारखी शेतस. यासना आंगले कोनी हात लावाना नही. इटाळ नही, घमेंड नही. आंगले सोसत नही, बस. काही मानसं आशी ऱ्हातस.’

मी खाली बसलो आणि मला रडू आलं. चाळीस माणसांसमोर, दिवसाढवळ्या. डोळे माझे मीच पुसले. जवळ कोणी आलं नाही, आणि का आलं नाही हे त्या अंगणात सगळ्यांना ठाऊक होतं.